फराळाच्या ब्रॉडकास्टला उत्तरं येईनाशी झालीत, नेमकं काय चुकतंय?

भाजणीचा_डबा (मिरज)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघी जावा घरून फराळ, मसाले आणि उन्हाळी वाळवण करतो. धंद्याचा नंबर वेगळा आहे आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलंय. आतापर्यंत ६१० गिऱ्हाइकांचे नंबर जमलेत, त्यांच्या तीन ब्रॉडकास्ट याद्या केल्यात (एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगळा जातो). रोज सकाळी एक सुविचार आणि त्याखाली त्या दिवशीच्या पदार्थाचा फोटो जातो. आधी एका मेसेजला तीस-चाळीस उत्तरं यायची, आता सहा-सात येतात. काहींनी ब्लॉक केलं असावं.

इन्स्टाग्रामवर १,९०० जण आहेत. तिथले लोक "प्राइस?" एवढंच विचारतात आणि दर सांगितला की पुढे काही बोलत नाहीत. गूगलवर एका बाईंनी चिवडा खवट निघाला म्हणून एक तारा दिलाय, त्याला काय उत्तर द्यावं कळत नाही. घटस्थापनेला सहा आठवडे आहेत. जाहिरातीवर पैसे घालायचे नाहीत, आहेत ती माणसं टिकवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

वहीखाते

ताई, आधी एक तपासा. तुमच्या ६१० पैकी किती जणांच्या फोनमध्ये *तुमचा* नंबर सेव्ह आहे? ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोहोचतो. तुम्ही त्यांचा नंबर सेव्ह केला, यादीत घातला, तरी त्यांनी तुमचा नंबर ठेवला नसेल तर मेसेज त्यांच्यापर्यंत जातच नाही, आणि तुम्हाला तसं कुणी कळवतही नाही. उत्तरं का आटली याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

तपासायची रीत सोपी आहे. ब्रॉडकास्ट पाठवा आणि दोन दिवस जाऊ द्या, कारण काहींचा फोन बंद असतो, काहींचा डेटा संपलेला असतो. मग तो मेसेज दाबून धरा आणि 'माहिती' उघडा. कुणाला पोहोचला आणि कुणी वाचला अशा दोन याद्या दिसतात. 'वाचला'वर फार विसंबू नका, निळी खूण बंद ठेवणारे त्यात दिसत नाहीत. 'पोहोचला'ची यादी पाहा. जी नावं तिच्यात नाहीत त्यांच्याकडे तुमचा नंबर नाही किंवा त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय. तीनही याद्यांचं हे करा आणि वहीत नावं उतरवून घ्या.

दुसरं, सुविचार आजच बंद करा. सकाळी सात ते नऊ या वेळात प्रत्येकाच्या फोनवर घरच्यांचे, सोसायटीचे, शाळेचे असे ढीगभर मेसेज येऊन पडतात. त्यात रोज येणारा मेसेज माणूस आधी न वाचता सरकवतो, मग म्यूट करतो, शेवटी ब्लॉक करतो. ब्लॉक आणि तक्रारी वाढल्या की नंबरच बंद पडू शकतो. धंद्याचा नंबर गेला म्हणजे अख्खी वही गेली. महिन्यातून दोन ब्रॉडकास्ट पुरेत, सणाच्या महिन्यात चार. आणि जो जाईल त्यात कामाचं काहीतरी हवं: नवा माल, दर, शेवटची तारीख.

आता याद्या. 'यादी १, यादी २, यादी ३' अशा भरू नका. एका यादीत २५६ नंबर मावतात म्हणून त्या तशा पडल्या असणार. कोण काय घेतं यावर पाडा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये २० लेबलं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नावाला लावायच्या खुणा, करता येतात, तुम्हाला सात-आठ पुरतील: दिवाळी फराळ, मसाले, वाळवण, उपासाचे, परगावी पार्सल, घाऊक, पैसे बाकी, उत्तर बाकी. कांदा-लसूण मसाल्याची बातमी मसालेवाल्यांनाच गेली पाहिजे. फक्त उपासाची भाजणी नेणाऱ्या आजींना तिचं काय?

लेबलापेक्षाही उपयोगाची एक सवय सांगतो. नंबर सेव्ह करताना नावातच खुणा लिहा. 'जोशीकाकू विश्रामबाग कमीतिखट चकली२किलो'. फोन वाजला की पडद्यावर हे सगळं दिसतं. "काकू, चकली कमी तिखटाचीच ना?" हे वाक्य तुमच्या तिघींपैकी कुणीही फोन उचलला तरी बोलू शकते. गिऱ्हाईक टिकतं ते इथे. तुपाचं की डालड्याचं, बेदाणे चालतात का, घरात मधुमेहाचं कुणी आहे का, पार्सल ऑफिसात द्यायचं की घरी, हे एकदा सांगितलेलं पुन्हा विचारावं लागू नये.

शटर_अर्ध्यावर

वहीखाते यांच्याशी सहमत. मी "प्राइस?" वाल्यांबद्दल लिहितो.

इन्स्टाग्रामवर दर लपवू नका. 'दरासाठी मेसेज करा' लिहिलं की अर्धी माणसं तिथूनच परत फिरतात. उरलेल्यांना उत्तर मिळेपर्यंत चार तास गेले, तर तोवर त्यांनी दुसरीकडे विचारलेलं असतं. फोटोखाली सरळ लिहा: दर, वजन, *किती नग बसतात* आणि किती दिवस टिकतं. नगांची संख्या फार कमी जण लिहितात, पण घेणारा किलोत विचार करत नाही. 'पाच माणसांना दोन-दोन करंज्या चार दिवस' असा त्याचा हिशेब असतो. तुमच्या साच्याच्या करंज्या अर्ध्या किलोत किती येतात ते एकदा वजनकाट्यावर मोजा आणि तोच आकडा सगळीकडे लिहा.

दर विचारून गप्प होणाऱ्याला नुसता आकडा पाठवू नका. आकड्यापाठोपाठ एक सोपा प्रश्न जाऊ द्या. असं:

'बेसन लाडू, साजूक तुपातले. अर्धा किलो, साधारण इतके नग. गुरुवारी ताजे होतील. मिरज-सांगलीत घरपोच, बाहेरगावी पार्सल. आपल्याला कुठे पाठवायचे?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गावाच्या नावात देता येतं, त्यामुळे बोलणं पुढे सरकतं.

हे दर वेळी टाइप करायची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'झटपट उत्तरं' म्हणून सोय आहे, ५० पर्यंत साठवता येतात. तिरकी रेघ आणि एक शब्द टाइप केला की मजकूर उमटतो: /लाडू, /पार्सल, /खाते, /पत्ता. एकच काळजी घ्या, मजकूर उमटला की लगेच पाठवू नका. पुढे गिऱ्हाइकाचं नाव आणि त्याने विचारलेलं नेमकं काहीतरी घाला. छापील उत्तर कुणालाही ओळखता येतं.

स्वागताच्या मेसेजात एक खाच आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा मेसेज नव्या माणसाला जातो, पण ज्याच्याशी १४ दिवस बोलणं झालेलं नाही त्या जुन्या माणसालाही जातो. दहा वर्षं तुमच्याकडून पापड नेणाऱ्या मावशींना 'आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे, आम्ही घरगुती पदार्थ बनवतो' असं गेलं तर त्यांना काय वाटेल? सेटिंगमध्ये 'कुणाला पाठवायचा' असा पर्याय असतो, तिथे 'ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना' निवडा. मग नंबर सेव्ह केलेल्यांना तो जात नाही.

'सध्या उपलब्ध नाही' हा मेसेज मात्र सगळ्यांना चालू ठेवा, रात्री नऊ ते सकाळी आठ. त्यात 'लवकरच संपर्क करू' असं मोघम लिहू नका. 'सकाळी नऊच्या आत उत्तर देतो' असं लिहा आणि नऊच्या आत खरंच द्या.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेसवरच्या मालाच्या यादीत, ५०० वस्तू मावतात, तुम्ही २५ च्या पुढे जाऊ नका. जे आज मिळत नाही ते लपवा. मे महिन्यातल्या कुरडया ऑक्टोबरात दिसत राहिल्या तर रोज दोघं-तिघं विचारणार आणि तुम्ही रोज 'संपल्या' म्हणणार. नकाराने सुरू झालेलं बोलणं खरेदीपर्यंत क्वचित जातं.

रील्सबद्दल थोडक्यात. तोंडाने कौतुक करण्यापेक्षा हात दाखवा: भाजणीतली डाळ रंग बदलते तो क्षण, सोऱ्यातून पडणारी चकली, ती मोडल्याचा आवाज. खिडकीच्या उजेडात, फोन उभा धरून, १५ ते २० सेकंद. कढईवर फोन धरलात तर वाफेने भिंग धूसर होतं, बाजूने धरा आणि आधी कापडाने पुसून घ्या. बिझनेस खात्याला गाजलेली बरीच गाणी वापरता येत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तळणीचा आवाज गाण्यापेक्षा बरा.

भाजणीचा_डबा (मिरज)

खूप आभार. स्वागताच्या मेसेजचं तर आम्हाला माहीतच नव्हतं, तो सगळ्यांना जात होता!

ब्रॉडकास्ट पोहोचत नसेल तर सरळ एक ग्रुप करून सगळ्यांना त्यात घेऊ का? शिवाय एक जण हजार नंबरांची यादी विकत द्यायला तयार आहे, सांगली-कोल्हापूरच्या गृहिणींची.

पेठेतली

यादी अजिबात घेऊ नका ताई. त्या बायकांनी तुम्हाला नंबर दिलेला नाही. अनोळखी नंबरावरून फराळाची जाहिरात आली की पहिलं बोट 'ब्लॉक'वर आणि दुसरं 'तक्रार'वर जातं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीवर उभा आहे. शिवाय वर लिहिलंय तसं, त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नसल्याने ब्रॉडकास्ट जाणारच नाही. म्हणजे एकेकीला वेगळा मेसेज करावा लागेल, आणि नंबर बंद पडण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ता आहे.

ग्रुपचंही तसंच. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, पण प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आठ दिवसांत कुणीतरी साड्यांची जाहिरात टाकतं, कुणी त्या नंबरांवर विम्याचे मेसेज पाठवू लागतं, आणि दोष तुमच्यावर येतो. न विचारता ग्रुपमध्ये ओढलेलं कुणालाच आवडत नाही. ग्रुपसारखं काही हवंच असेल तर 'कम्युनिटी' करा. तिच्या घोषणांच्या जागी फक्त ॲडमिन लिहितो आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. लिंक पाठवा, ज्यांना यायचं ते आपणहून येतील. 'चॅनल' तुमच्या कामाचं नाही, कारण तिथे कोण वाचतंय हे नावानिशी कळत नाही आणि समोरचा उलटून बोलू शकत नाही. तुम्हाला तर माणसं टिकवायची आहेत.

नंबर सेव्ह करून घ्यायचा सरळ मार्ग म्हणजे पार्सल. बरणीच्या झाकणावर चिकटपट्टी लावा: पदार्थ, केल्याची तारीख, कधीपर्यंत संपवावा, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि तुमचा व्हॉट्सॲपचा क्यूआर कोड. खाली एक ओळ: 'हा नंबर सेव्ह केला तरच दिवाळीची यादी तुमच्यापर्यंत पोहोचते.' कारण सांगितलं की लोक करतात. क्यूआर छापायच्या आधी तीन वेगवेगळ्या फोनांवर तपासा. तेलकट बोट लागलं की साध्या कागदावरची शाई पसरते, म्हणून प्लॅस्टिक थर असलेली चिकटपट्टी घ्या.

आता खवट चिवडा. त्या बाईंना द्यायचं उत्तर चार ओळींच्या वर नको. सारवासारव नको, आणि 'आजवर कुणाची तक्रार आली नाही' हे वाक्य तर मुळीच नको. असं लिहा:

'चिवडा खवट लागला याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. पिशवीवरची तारीख आम्हाला व्हॉट्सॲपवर कळवाल का? त्या दिवशीचा उरलेला माल आम्ही तपासतो. आपले पैसे परत करू किंवा ताजा चिवडा पाठवू, आपण म्हणाल तसं.'

मग खरंच तपासा. चिवड्यात आधी खवट होतात ते शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप. दाणे जुने असले, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं, किंवा चिवडा कोमट असताना पिशवीत भरला, या तीनपैकी एक बहुतेक सापडेल. कोमट भरला की आत वाफ धरते, पोहे सादळतात आणि चव लवकर उतरते. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा. कारण सापडलं की त्याच उत्तरात एक ओळ वाढवा, गूगलवर दिलेलं उत्तर नंतर बदलता येतं: 'दाण्यांचा तो लॉट काढून टाकला आहे.' पुढचा वाचणारा तारे पाहतो, पण त्याखाली तुम्ही काय बोललात तेही वाचतो.

पैसे परत करण्यासाठी तारे बदलण्याची अट घालू नका. चांगलं लिहिलं तर सूट देऊ असंही म्हणू नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. अभिप्राय मागायचाच असेल तर पार्सल पोहोचल्या दिवशी मागू नका, तेव्हा पिशवी उघडलेलीही नसते. चौथ्या-पाचव्या दिवशी विचारा, "चकली कुरकुरीत राहिली का?" उत्तर काहीही आलं तरी अभिप्रायाची लिंक पाठवा. 'नाही' आलं तर आधी फोन करा.

आणखी एक. घरून काम करताना घरचा पत्ता गूगलवर दिसायला नको असेल तर तो लपवता येतो. प्रोफाइलमध्ये पत्त्याऐवजी सेवा देण्याचा भाग लिहा: मिरज, सांगली, कुपवाड.

पंचांग_आणि_पार्सल

सहा आठवडे आहेत तर कामाची तारीखवार आखणी करून घ्या. बोलणं आणि भट्टी यांचा मेळ बसला नाही, तर गोड मेसेज पाठवून माणूस दुखावला जातो.

पहिले दोन आठवडे फक्त साफसफाई: लेबलं, नावातल्या खुणा, कॅटलॉग. विकायचं काही नाही.

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात मागच्या दिवाळीला घेतलेल्यांना एकेकाला वेगळा मेसेज करा. सगळ्या ६१० ना नको. रोज वीसप्रमाणे महिना लागेल. वहीतून सगळ्यात जास्त वेळा घेणारे १२० निवडा, म्हणजे सहा दिवसांचं काम झालं. मजकुरात त्यांची मागची मागणी हवी: 'काकू, मागच्या वर्षी दोन किलो चकली, एक किलो शेव आणि अनारसे ५० नेले होते. यंदाही तेवढंच धरू का?' याला उत्तर द्यायला 'हो' पुरतं, आणि बरीच जणं तेवढंच लिहितात. एकच मजकूर भराभर शंभर जणांना चिकटवला तर व्हॉट्सॲप तो घाऊक संदेश समजून नंबरावर निर्बंध आणू शकतं. आणि तुम्हाला तर प्रत्येकीची मागणी वेगळी लिहायचीच आहे.

दसऱ्याला सगळ्यांसाठी दरयादी ब्रॉडकास्ट करा, एक स्वच्छ चित्र. अक्षर एवढं मोठं ठेवा की साठीच्या माणसाला चष्मा न लावता वाचता यावं. तोच मजकूर चित्राखाली शब्दांतही लिहा, कारण चित्रातला दर कॉपी करून नवऱ्याला पाठवता येत नाही.

कोजागिरीला मागणी बंद. कोजागिरी ते वसुबारस हाताशी साधारण बारा दिवस राहतात, तिघींना तळणीला तेवढे लागतात. अनारशांची मागणी मात्र त्याआधी, दसऱ्यालाच बंद करा. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजणार, निथळून कुटून गूळ घातल्यावर पीठ पुन्हा चार-पाच दिवस मुरणार. ही घाई करता येत नाही. हेच कारण स्टेटसवर रोज एका फोटोने दाखवा: पहिल्या दिवशीचे तांदूळ, तिसऱ्या दिवशीचे, पिठाचा गोळा. उशिरा येणाऱ्याला मग नकार समजावून सांगावा लागत नाही. स्टेटस २४ तास राहतं आणि दोन्हीकडे नंबर सेव्ह असेल तरच दिसतं, हे लक्षात असू द्या.

बंदची तारीख जाहीर केली की ती पाळा. कोजागिरीनंतर ओळखीच्या म्हणून दोघींची मागणी घेतली, तर ज्यांना नाही म्हटलं त्यांच्या कानावर ते जातंच. मिरज काही एवढी मोठी नाही.

लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत विक्रीचं एक अक्षरही नको. तुळशीच्या लग्नापर्यंत फक्त विचारपूस करा आणि जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत लिहा. पुढच्या वर्षीचे मेसेज त्यातूनच लिहायचे आहेत.

वहीखाते

पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून जोडतो. सणात खोट्या पावत्या फिरतात. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली की मगच पार्सल बांधा. शंका आली तर १२ अंकी यूपीआय व्यवहार क्रमांक मागून खात्याशी ताडून बघा. विचारताना आवाज चढवू नका, दहातले नऊ जण खरे असतात: 'बँकेकडून अजून दिसत नाही, दिसलं की लगेच कळवते.' कुणी मोठी मागणी देऊन 'पैसे पाठवायला हा कोड स्कॅन करा' म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही.

तिघी एकच नंबर सांभाळता, तर मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली आपोआप सुटतात. एकीने वाचलं आणि उत्तर राहिलं, असं घडू नये म्हणून वाचणारीने लगेच 'उत्तर बाकी' लेबल लावायचं, उत्तर देणारीने काढायचं. रात्री झोपण्याआधी ते लेबल रिकामं हवं. आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन आजच लावा. नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर तो तुमच्या नावाने या ६१० जणांकडेच पैसे मागणार.

भाजणीचा_डबा (मिरज)

दोन दिवस थांबून 'माहिती' पाहिली. ६१० पैकी २७४ जणांना पोहोचलंय. उरलेल्या ३३६ चं काय करू?

वहीखाते

त्या ३३६ पैकी मागच्या दिवाळीपासून आजवर एकदाही काही न घेतलेले वेगळे काढा आणि यादीतून वगळा. बाकीच्यांना मेसेज नको, फोन करा, दुपारी चार ते सहाच्या मधे, तिघींनी वाटून घेऊन. बोलायचं एवढंच: "मिरजेहून फराळवाल्या बोलतोय, नवीन यादी पाठवायची होती, पण आमचा नंबर आपल्याकडे सेव्ह नसल्याने पोहोचत नाहीये. सेव्ह कराल का? की नको पाठवू?" 'नको' म्हणतील त्यांचं नाव त्यांच्यासमोरच काढून टाका. 'हो' म्हणतील त्यांना फोन ठेवल्याबरोबर 'नमस्कार' पाठवा, म्हणजे सेव्ह करायला नंबर समोर येईल. आणि त्या बोलण्यात त्यांनी दुसरं काही सांगितलं, मुलगी पुण्याला गेली, तिखट आता सोसत नाही, तर ते नावापुढे लिहूनच पुढचा फोन लावा.